रिफ्लक्स कॉलमचं पॉट स्टिल होतं का? होतं, पण नुसता नळ बंद करून नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन इंची स्टीलचा कॉलम, उंची मीटरभर, आत जाळीचं पॅकिंग, डोक्यावर डीफ्लेग्मेटर (वाफ थंड करून परत खाली पाठवणारा पाण्याचा कंडेन्सर), खाली तीस लिटरचा बॉयलर आणि दोन किलोवॅटचा हीटर. साखरेच्या वॉशचं, म्हणजे आंबवलेल्या पाण्याचं, न्यूट्रल स्पिरिट (वास-चव नसलेलं जवळजवळ शुद्ध अल्कोहोल) यावर छान निघतं. आता मळीची रम करायची आहे आणि तिला वास-चव हवी आहे. एक जण सांगतो वेगळं पॉट स्टिल, म्हणजे गाळायचं साधं भांडं, घ्या. दुसरा सांगतो वरचं पाणी बंद करा, झालं पॉट स्टिल. खरं कोणाचं?

दुसऱ्याचं बरंचसं खरं आहे. पण त्याने जे सांगितलं नाही त्यात तुमचे दोन-तीन वॉश वाया जाऊ शकतात, आणि एका ठिकाणी जीवावरही बेतू शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं उरकून घेतो. घरी दारू गाळायला बहुतेक देशांत परवाना लागतो आणि तो नसेल तर गुन्हा होतो. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती गाळायची मुभा आहे, पण तो अपवाद. तुम्हाला कोणता कायदा लागू आहे ते तुम्हीच तपासा. परवानगी नसेल तर हेच भांडं गुलाबपाणी किंवा सुगंधी तेलं काढायला वापरता येतं, आणि खाली वाफेबद्दल जे लिहिलंय त्यातलं पुष्कळसं तिथेही लागू पडतं.

आता मूळ मुद्दा. दहा टक्के अल्कोहोल असलेला वॉश साधारण ९३ अंशांना उकळतो आणि त्यातून पहिली जी वाफ निघते तिच्यात त्रेपन्न-चोपन्न टक्के अल्कोहोल असतं. ती वाफ सरळ नेऊन थंड केली की पॉट स्टिल झालं. भांड्याचा कांद्यासारखा फुगीर घुमट, हंसासारखी वळलेली मान हे सगळं नंतरचं. रिफ्लक्स कॉलम वेगळं काय करतो? वर पोचलेल्या वाफेतली बरीचशी तिथेच थंड करून पुन्हा खाली सोडतो. तो द्रव पॅकिंगवरून ओघळत येतो, वर चढणारी वाफ त्याला भेटते, वाफेतलं पाणी द्रवात उतरतं आणि द्रवातलं अल्कोहोल वाफेत चढतं. अशा भेटी भरपूर झाल्या की अल्कोहोल नव्वदच्या पुढे जातं. घनफळाने साधारण ९७ टक्क्यांवर मात्र गाडी थांबते, कारण तिथे वाफ आणि द्रव दोन्हींत प्रमाण सारखंच होतं. ७८.२ अंशांना उकळणारं ते मिश्रण साध्या उकळण्याने आणखी वेगळं होत नाही.

म्हणजे कॉलमला दोन गोष्टी लागतात: वरून परत येणारा द्रव, आणि त्याला वाफेशी गाठ घालून देणारी जागा. पॅकिंग ही नुसती जागा आहे. परत येणारा द्रवच नसेल तर गाठ कुणाशी पडणार? सगळे जण पॅकिंग ठेवायचं की काढायचं यावर वाद घालत बसतात. मी मात्र आधी विचारतो, तुमच्या कॉलममध्ये किती द्रव परत खाली येतोय?

याचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. वर चढणाऱ्या शंभर भाग वाफेतले पाचच भाग परत खाली आले, तर जगातलं सर्वांत भारी पॅकिंग घातलंत तरी चोपन्नचे पंचावन्न-छप्पन्न टक्के होतील, त्यापुढे नाही. कारण सोपं आहे: अल्कोहोल आभाळातून येत नाही. पाच भाग द्रव फार तर जवळजवळ पाच भागांइतकंच पाणी खाली नेऊ शकतो. पण तेच पंचवीस भाग परत आले, तर पहिल्या धारेला बासष्टच्या आसपास टक्के दिसतात आणि मळीचा वास पातळ व्हायला लागतो. तेव्हा पॉट स्टिल करायचं म्हणजे परत येणाऱ्या द्रवाची एकेक वाट शोधून बंद करायची.

पहिली आणि सगळ्यांत मोठी वाट अर्थातच डीफ्लेग्मेटर. माझा पहिला प्रयत्न इथेच फसला होता. माझ्या स्टिलचं थंड पाणी आधी खालच्या कंडेन्सरमधून जायचं आणि तिथून तापून वर डीफ्लेग्मेटरला. एकाच नळाची साखळी. पुष्कळ स्टिलवर अशीच असते. मला वाटलं, वरचं पाणी तसंही गरमच आहे, ते काय करणार? हीटर पूर्ण लावून बसलो. बॉयलर गुरगुरतोय, कॉलमला हात लावला तर चटका बसतोय, आणि नळीच्या तोंडाशी एक थेंब नाही. पाऊण तास! शेवटी हात वर सरकवत नेला. डीफ्लेग्मेटरपर्यंत पोळत होतं, त्याच्या वरची वळणाची नळी मात्र गार. सगळी वाफ तिथूनच माघारी जात होती. नंतर गणित केलं तेव्हा चूक कळली. मिनिटाला ९०० मिली पाणी ५० अंशांवरून ८५ पर्यंत तापायला दोन किलोवॅटहून जास्त उष्णता घेतं. माझा हीटरच दोन किलोवॅटचा. वैतागून पाणी अगदी बारीक केलं तेव्हा धार सुरू झाली, पण पहिल्या बरणीत ऐंशीच्या वर टक्के आणि वासाच्या नावाने शून्य. मळी घातली होती हे फक्त मलाच माहीत.

तेव्हा ती साखळी तोडा. कंडेन्सरला स्वतंत्र पाणी, आणि डीफ्लेग्मेटरच्या दोन्ही नळ्या सरळ काढून टाका. नुसता व्हॉल्व्ह बंद करण्यावर विसंबू नका, कारण व्हॉल्व्ह गळतात. मिनिटाला १०० मिली, म्हणजे पाण्याची करंगळीएवढीही नसलेली धार, २० अंशांवरून ८० पर्यंत तापली तर ४०० वॉट खाते. दोन किलोवॅटमधला पाचवा हिस्सा गेला! शिवाय नळ्या टाकीला जोडलेल्या असतील तर पंप बंद असूनही गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असं आपोआप फिरत राहतं.

आणि दोन्ही टोकं बुचं लावून बंद करायची नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. आत अडकलेलं पाणी २० वरून ९० अंशांवर जाताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. पाणी दाबून दबत नाही. ते सांधा उचकटतं. पाणी पूर्ण ओतून टाका, दोन्ही तोंडं हवेला मोकळी ठेवा. रन सुरू झाल्यावर त्या तोंडांतून दारूचा वास आला तर समजा डीफ्लेग्मेटरला आतून चीर आहे. लगेच हीटर बंद.

दुसरी वाट लोकांच्या लक्षातच येत नाही: उघडा कॉलम स्वतःच हवेत गार होत असतो. मीटरभर उंचीचा दोन इंची कॉलम, कसलंही आवरण नसेल, तर साधारण १०० वॉट उष्णता आजूबाजूला टाकतो. दोन किलोवॅटवर चालवताना ही पाच टक्क्यांची गळती कुणाला जाणवणार नाही. पण रमला वास हवा म्हणून पुष्कळ जण आच अगदी मंद करतात, पाचशे-सहाशे वॉटवर आणतात. तिथे तेच १०० वॉट सहावा हिस्सा होऊन बसतात. म्हणजे वासासाठी मंद केलं आणि मंद केल्यामुळेच वास गेला. कॉलमला आवरण घाला, उष्णता सहन करणारं कुठलंही. आवरण घातलेल्या कॉलमला मंद आचही मानवते.

तिसरी वाट तुमच्या स्टिलला लागू नाही, पण वाचणाऱ्यांतल्या अनेकांना असेल, म्हणून डोक्याच्या प्रकारांबद्दल लिहितो. तुमचा कॉलम थंड पाण्याच्या प्रमाणावर चालणारा आहे. त्याच्यात डीफ्लेग्मेटर बंद केला तरी वाफ पुढे जाऊन कंडेन्सरमध्ये सापडते, म्हणून वरचं सगळं त्याला चालतं. ज्यांच्याकडे द्रव अडवून काढणारं डोकं आहे, म्हणजे वर एकच कंडेन्सर, त्याखाली तिरक्या पट्ट्या आणि बाजूला सुईचा व्हॉल्व्ह, त्यांनी वरचं पाणी बंद करायचा विचारही करू नये. तो कंडेन्सर एकुलता एक आहे आणि त्याच्या वर तोंड उघडं आहे. पाणी बंद म्हणजे अल्कोहोलची वाफ सरळ खोलीत. त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा. पण तो बारका व्हॉल्व्ह तेवढा द्रव ओढतो का, हे आधी बघायला हवं. दोन किलोवॅटवर पॉटसारखं चालवताना सुरुवातीला तासाला पावणेपाच-पाच लिटर, म्हणजे मिनिटाला ऐंशी मिली द्रव खाली येतो. डोकं काढून त्यात वरून पाणी ओता आणि पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून मिनिटाला किती पडतं ते मोजपात्रात मोजा. चाळीसच पडत असेल तर उरलेलं पट्टीवरून सांडून परत कॉलममध्ये जाणार.

वाफ विभागणारं डोकं असेल, बाजूच्या फाट्यावर मोठा गेट व्हॉल्व्ह असलेलं, तर त्याचा नाद सोडा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी वाफेचा एक हिस्सा वरच्या कंडेन्सरकडे जातोच, आणि तो बंद करता येत नाही कारण वर तोंड उघडं. त्यांनी डोकंच उतरवून साधं वळण आणि कंडेन्सर जोडावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता पॅकिंग. परतीचा द्रव थांबवला तर पॅकिंग निरुपद्रवी, असं वर मीच सांगितलं. तरी मी ते काढतो, आणि तुम्हीही काढा. त्याची कारणं टक्केवारीची नाहीत. मळीचा वॉश फेसाळतो. फेस वर चढला की पॅकिंगमध्ये रुतून बसतो आणि मग ते धुणं ही शिक्षा असते. रिकामा कॉलम उलट उपयोगी पडतो, मीटरभर मोकळी जागा फेसाला जिरायला मिळते. म्हणूनच कॉलम उतरवून बॉयलरवर थेट वळण बसवा, या सल्ल्याशी मी सहमत नाही. दुसरं म्हणजे थंड पॅकिंग सुरुवातीला तापेपर्यंत भरपूर वाफ माघारी पाठवतं, त्यामुळे पहिल्या एक-दोन बरण्या फसव्या निघतात. आणि तिसरं, पॅकिंगला आठवण असते. मागच्या न्यूट्रल रनच्या शेवटी आलेली जड, तेलकट अल्कोहोलं, उदाहरणार्थ १३१ अंशांना उकळणारं आयसोअमाइल, जाळीच्या गाठींत चिकटून राहतात. ती तुमच्या रममध्ये उतरतात आणि तुम्ही यीस्टला दोष देत बसता.

पॅकिंग तांब्याचं असेल तर ते काढल्यावर एक नुकसान मात्र होतं. आंबताना गंधकाची काही संयुगं तयार होतात, कुजक्या अंड्याच्या, उकडलेल्या कोबीच्या वासाची. तांबं त्यांना धरून ठेवतं. म्हणूनच वापरलेली जाळी काळी पडते. सगळं स्टील असलेल्या भांड्यातून काढलेल्या रमला हा वास बऱ्याचदा राहतो. त्यावरचा माझा उपाय असा: तांब्याच्या जाळीची वीतभर सैल गुंडाळी करून ती कॉलममध्ये न ठेवता वळणाच्या पुढे, जिथून नळी कंडेन्सरकडे उतरायला लागते तिथे सरकवायची. तिथे जाळीवर जे काही थंड होईल ते पुढेच ओघळतं, मागे जात नाही. वाफेला तांबं मिळालं आणि परतीचा द्रव तयार झाला नाही. गुंडाळी सैलच हवी. घट्ट कोंबली तर वाफेची वाट अडते आणि बॉयलरमध्ये दाब चढतो. प्रत्येक रननंतर ती सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवली की पुन्हा गुलाबी होते.

ज्या कामात जीवावर बेतू शकतं असं सुरुवातीला म्हटलं, ते हे: तुमचा कंडेन्सर. न्यूट्रल काढताना तुम्ही एक भाग घेता आणि चार भाग परत सोडता असं धरू. म्हणजे दोन किलोवॅटपैकी सोळाशे वॉट डीफ्लेग्मेटर झेलत होता आणि शेवटच्या कंडेन्सरच्या वाट्याला जेमतेम चारशे येत होते. पॉटसारखं चालवायला लागलात की जवळजवळ पूर्ण दोन हजार त्याच्या अंगावर येतात. पाचपट. कॉलमसोबत येणारे बारके कंडेन्सर इथे हात टेकतात. मग थंड न झालेली वाफ नळीच्या तोंडातून बाहेर पडते. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड असते, जमिनीवर पसरत जाते, आणि हवेत तिचं प्रमाण ३.३ टक्के झालं की एका ठिणगीचं काम.

म्हणून पहिला रन नुसत्या पाण्यावर करा. बॉयलरमध्ये दहा लिटर पाणी, हीटर पूर्ण, आणि कंडेन्सरखाली हात धरून बसा. बाहेर येणारं पाणी थंडगार राहिलं आणि तोंडाशी वाफेची फुंकर दिसली नाही तर कंडेन्सर पास. धार कोमट व्हायला लागली तर थंड पाणी वाढवा. दोन किलोवॅटला तासाला पन्नास-साठ लिटर तरी लागतं, १५ अंशांचं पाणी पन्नासपर्यंत तापू दिलं तर. तरीही धार कोमटच असेल तर हीटर कमी करा किंवा लांब कंडेन्सर घ्या. तिसरा मार्ग नाही. बॉयलरपासून नळीच्या तोंडापर्यंत वाट कायम उघडी हवी, मधे कुठेही व्हॉल्व्ह नको. उघडी ज्योत नको, खिडक्या उघड्या, आणि स्टिल चालू असताना माणूस जागेवर. जेवायला उठायचं असेल तर हीटर बंद करून उठा.

मघापासून मी पॉट आणि कॉलम या जणू दोन वेगळ्या जाती असल्यासारखं बोलतोय, पण मोठ्या भट्ट्यांमध्ये ही सरमिसळ जुनी आहे. १९५५ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये हायरम वॉकर कंपनीच्या ॲलिस्टेअर कनिंगहॅम यांनी लोमंड स्टिल काढलं: खाली पॉट, आणि मानेच्या जागी जाड नळकांड्यात हलवता येणाऱ्या तबकड्या. तबकड्या आडव्या केल्या की रिफ्लक्स वाढायचा, कलत्या केल्या की कमी. एकाच भट्टीतून हलकी आणि जड अशी दोन्ही व्हिस्की निघावी ही कल्पना. तबकड्यांवर राप चढायचा आणि साफसफाई नकोशी व्हायची. ऑर्कनी बेटांवरच्या स्कापा डिस्टिलरीत त्यातलं एक स्टिल अजून चालतं, पण तबकड्या काढून टाकून, पहिल्या खेपेचं साधं वॉश स्टिल म्हणून. तुम्ही जे करायला निघाला आहात तेच! उलट दिशेचं उदाहरण आर्मान्याकचं. ती फ्रेंच ब्रँडी बहुतेक वेळा चक्क कॉलममधून काढतात, पण तो कॉलम थोड्याच तबकड्यांचा आणि कमी टक्क्यांवर चालवलेला, म्हणून द्राक्षाचा सगळा ऐवज तिच्यात उतरतो. कॉलम म्हणजे बेचव, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती एकदा हुंगून बघावी.

आता प्रत्यक्ष रन. मी रम दोनदा गाळतो. पहिल्या खेपेला, ज्याला स्ट्रिपिंग म्हणतात, काही निवडायचं नसतं. वीस लिटर वॉश, हीटर पूर्ण, उकळी यायला पाऊण-एक तास, आणि मग धार येईल तशी एका भांड्यात. साधारण सहा लिटर काढले की एकूण सरासरी तीस टक्क्यांच्या जवळपास येते, तिथे थांबायचं. हीटरची कांडी उघडी पडणार नाही एवढा द्रव खाली राहिलाच पाहिजे. अशा तीन खेपा झाल्या की अठरा लिटर लो वाइन्स जमतात. दुसरी खेप त्यांची. आता हीटर किलोवॅटभर, कॉलमवर आवरण. तीस टक्क्यांच्या द्रवातून पहिली वाफ पंचाहत्तर-शहात्तर टक्क्यांची येते आणि हळूहळू उतरत जाते. इथे तुम्ही सुरुवातीलाच पंच्याऐंशी-नव्वद बघत असाल तर कुठेतरी द्रव परत जातोय. वरच्या तीन वाटा पुन्हा तपासा.

थर्मामीटरची सवय इथे सोडावी लागते. न्यूट्रल काढताना काटा ७८ वर चिकटून बसायचा आणि हलला की टेल्स, म्हणजे शेवटचा कोंदट भाग, आले असं तुम्हाला कळायचं. पॉटमध्ये तो पहिल्यापासून सरकतच राहतो, आणि त्याच्यावरून कट, म्हणजे कुठून कुठपर्यंतचं ठेवायचं, ते ठरवता येत नाही. अल्कोहोल मोजायचा मीटर आणि नाक, दोनच हत्यारं. मीटर २० अंशांसाठी बनवलेला असतो. द्रव त्याहून गरम असेल तर तो दर अंशाला एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास जास्त दाखवतो. तीस अंशांच्या धारेत पासष्ट दिसले तर खरे एकसष्ट-बासष्ट असतात.

कॉलमवरून पॉटवर येणारे बहुतेक सगळे कटमध्येच अडखळतात. कॉलम हेड्स (सुरुवातीचा उग्र भाग), हार्ट्स (मधला ठेवायचा भाग) आणि टेल्स गठ्ठे बांधून एकामागून एक आणून देतो. पॉटमध्ये ते एकमेकांत मिसळत येतात, संध्याकाळ होते तसे. अमुक क्षणी हेड्स संपले असं बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून बरण्या बारक्या घ्या, दोन-अडीचशे मिलीच्या, भरपूर, आणि नंबर टाकून ओळीत ठेवा. पहिले शे-दीडशे मिली सरळ फेका. बोलीभाषेत पहिल्या धारेची म्हणून तिचं कौतुक होतं, पण या पहिल्या धारेला नेलपॉलिश उतरवायच्या द्रवासारखा वास येतो, ती फार तर काच पुसायला बरी. मेथॅनॉल मात्र तेवढ्यात निघून जातं असं समजू नका. ते ६४.७ अंशांना उकळतं हे खरं, पण पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणातून ते संपूर्ण रनभर थोडं थोडं येतच राहतं. मळी-साखरेच्या वॉशमध्ये ते मुळात नगण्य असतं. पेक्टिनवाल्या फळांच्या वॉशमध्ये जास्त.

त्याच दिवशी निवडायला बसू नका. बरण्यांवर कापड बांधून रात्रभर ठेवा, हलके उग्र वास उडून जातात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीतला चमचाभर घेऊन पाणी मिसळून तीस टक्क्यांपर्यंत उतरवा आणि मधल्या बरणीपासून दोन्हीकडे हुंगत जा. मधलीत मळी गोड, स्वच्छ येते. पुढच्या बाजूला सरकताना नाकात टोचायला लागलं की तिथे हेड्स. मागच्या बाजूला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट फडक्याचा वास सुरू झाला की टेल्स. माझ्या हार्ट्स बहुधा बासष्ट-साठ टक्क्यांपर्यंत जातात, पण तुमचं यीस्ट वेगळं, मळी वेगळी, म्हणून आकड्यापेक्षा नाकाचं ऐका. रममध्ये मी टेल्सच्या पहिल्या दोन बरण्या एकदम नाकारत नाही. आज कोंदट वाटणारी बरणी लाकडात काही महिने राहिल्यावर कधी कधी सगळ्यांत भरदार ठरते. प्रत्येकीचा थेंबभर हार्ट्समध्ये टाकून बघतो. बिघडलं नाही तर आणखी थोडं. बाकी सगळं, हेड्स सोडून, पुढच्या स्ट्रिपिंगमध्ये ओततो.

आणि न्यूट्रलकडे परत जायचं ठरवाल तेव्हा, पॅकिंग भरण्याआधी रिकाम्या कॉलममधून अर्धा तास नुसत्या पाण्याची वाफ जाऊ द्या. मळी स्टीलवर किती चिवट बसते ते खाली पडणारं पहिलं लिटरभर पाणी हुंगलंत की कळेल.